मागच्या पाट्याचा बोल्ट

धोंडीरामला तुम्ही काहीही म्हणा, तो हसण्यावारी नेई. त्याच्या शेताला नावं ठेवा, त्याच्या नाकाला ठेवा, त्याच्या घरच्या चहाला ठेवा, गडी आपला मिशीत हसतोय. फक्त जीपला काही बोलायचं नाही. जीपला बोललं की त्याचं डोकं फिरायचं. घाटनांदुरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच स्टेशनच्या चौकात रिकामे बसलेले लोक ती जीप दिसली रे दिसली की मुद्दाम दोन्ही कानांवर हात ठेवायचे.

तलवाड्याच्या विहीणबाईंना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी काही फरक पडला नसता, कारण सरस्वतीबाई समोरच्याचा चेहरा बघून बोलणाऱ्यांतल्या नव्हेत.

झालं असं. धोंडीरामची एकुलती लेक तेजश्री तलवाड्याला दिलेली. तिला सातवा लागला आणि सासरी ओटी भरायचा कार्यक्रम निघाला. धोंडीराम आणि सुंदरबाई जीप घेऊन गेले. हिरवी साडी, फुलांचे दागिने, फोटो, सगळं हौसेनं झालं. जेवणं उरकल्यावर बाप्ये ओसरीवर टेकले, तेव्हा धोंडीरामनं घसा खाकरून विषय काढला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा तर रिवाजच.

“अमावस्येच्या आत येतो मी न्यायला,” तो म्हणाला.

“या की,” पानाचं ताट घेऊन बाहेर येत सरस्वतीबाई म्हणाल्या. “लेक तुमची हाय. पर नेणार कशात?”

“कशात म्हंजे? जीप हाय की आपली.”

सरस्वतीबाईंनी ताट खाली ठेवलं. “त्या जीपीत मी माझी सून बसू देणार न्हाई. दुसरी गाडी आना, न्हाईतर हितंच बाळंत होईल ती.”

व्याही उत्तरेश्वर अंगणातल्या शेळीकडं असं निरखून बघू लागले, जशी ती आजच बाजारातून आणलीय. धोंडीरामचं डोकं फिरलं होतं, पण फिरलेलं डोकं घेऊन तो तसाच बसून राहिला. लेकीचा बाप व्याह्याच्या ओसरीवर बसला की त्याची जीभ निम्मी होते, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. त्यानं पान घेतलं, चुना जरा जास्तच लावला आणि चावत बसला.

निघताना तेजश्री जीपपर्यंत आली. फुलांचा बाजूबंद अजून दंडावर होता.

“आण्णा, राग धरू नका,” ती हळू आवाजात म्हणाली. “खालचे स्प्रिंगचे पाटे बदला, शॉकप बदला. मग आत्यांचं मी बघते. मला तुमच्याच गाडीत यायचंय.”

“तुला बी हादरे बसतात काय गं?”

“आई येताना उतरली ती कंबर धरून उतरली. तुमाला ती सांगत न्हाई.”

धोंडीरामनं जीप चालू केली. बीड मागं पडलं, मांजरसुंब्याचा घाट आला, तेव्हा त्यानं समोर बघतच बायकोला विचारलं, “जीपीत हादरे बसतात का गं?”

“बसतात की,” सुंदरबाई म्हणाली.

“कवापासून?”

“घेतली तवापासून.”

“मग कावून सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं असतं तर तुमी मलाच उतरवून दिलं असतं.”

सुंदरबाईच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

ही जीप एके काळी काळी-पिवळी होती. घाटनांदूर ते अंबाजोगाई, माणसं भरली की निघायची, आणि माणसं भरली म्हणजे काय हे ज्यानं अंग चोरून त्यात प्रवास केलाय त्यालाच कळेल. पण कितीही गर्दी झाली तरी पुढच्या सीटवरची खिडकीची जागा तेजश्रीची असायची. तिचं सगळं कॉलेज त्या जागेवर बसून झालं. पेपरच्या दिवशी ती मांडीवर वही उघडून पुटपुटायची आणि धोंडीराम मागच्यांना दरडावायचा, की पोरगी अभ्यास करायलीय, आवाज करू नका. लग्नात सासरी जाताना ती आईच्या गळ्यात पडून रडली नाही इतकी जीपच्या बॉनेटवर डोकं ठेवून रडली, असं लोक सांगतात. लोकांचं सोडा. पण पहिल्या बाळंतपणाला लेकीला आपण स्वतः, आपल्या जीपमधून, त्याच खिडकीशेजारी बसवून आणायची, हे धोंडीरामनं तिची वरात गेली त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं होतं. भाड्याच्या गाडीतून लेक दारात उतरलेली त्याला चालणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं जीप सिदूच्या गॅरेजला लावली. सिदूचं गॅरेज म्हणजे रेल्वे फाटकाजवळचं लिंबाचं झाड, त्याखाली एक पत्र्याचं शेड आणि शेडभर पसरलेलं लोखंड. सिदू पाठीवर झोपून जीपच्या खाली सरकला, आतमध्ये बराच वेळ ठकठक करत राहिला आणि बाहेर आला तो केसांत तांबडी भुकटी घेऊनच.

“आण्णा,” तो म्हणाला, “खाली समदा गंज हाय. गंजाला धरून थोडीशी जीप हाय.”

“तोंड सांभाळ बे.”

“सांभाळतो. पर मला सांगा, गाडी तुमी लावता कुठं?”

इथं धोंडीराम जरा अडखळला. काळी-पिवळीचा धंदा बंद झाल्यावर त्यानं जीप पांढरी रंगवून घेतली होती, आणि उन्हापावसात राहू नये म्हणून गोठ्यात गाईंच्या शेजारी तिला कायमची जागा करून दिली होती. गाय-बैल जसे घरचे, तशी जीपही घरचीच, असा त्याचा हिशेब. आता गाई रात्रभर ज्या ओलीत उभ्या राहतात त्याच ओलीत जीपही उभी राहिली, आणि वरून मोसमात खताची पोती वाहिली. मायेनं माणूस काय करून बसेल ते सांगता येत नाही.

“काढू आपन,” सिदू म्हणाला, “पर घाई करायची न्हाई.”

नेमकी घाईच धोंडीरामच्या अंगात होती. पहिल्याच दिवशी एका नटावर पाना लावला, पान्यात लांब पाइप घातला आणि सगळ्या अंगाचा भार टाकून लोंबकळला. नट फिरला नाही. बोल्टच कडकन मधून तुटला आणि धोंडीराम पाइपासकट टायरांच्या ढिगात जाऊन पडला. सिदूनं त्याला उठवलं, अंग झटकलं आणि पाना त्याच्या हातातून काढून घेतला.

“बोल्टाशी भांडू नका,” तो म्हणाला. “त्याला आधी जरा आवळायचं.”

“मला सोडवायचाय, आन् तू आवळायला सांगतोस?”

“जरासंच. गंज मोडला पायजे. मग इकडं जरासा, तिकडं जरासा. आला तर आला, न्हाई तर डिझेल पाजायचं आन् चहा प्यायला जायचं.”

तशी कामाची रीत लागली. सकाळी डिझेल पाजायचं, दुपारी ठोकून गंज हलवायचा, मग नट गॅसच्या ज्योतीवर तापवायचा. तापून लाल व्हायच्या आधी त्याला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत उतरतं आणि मग पाना लावला की नट आधी कुरकुरतो आणि नंतर सुटतो. त्या कुरकुरीचा आवाज धोंडीरामला आवडू लागला. घरी जेवताना तो सुंदरबाईला सांगायचा, आज पुढचा डावा आला, आज शॉकपचा खालचा आला. सुंदरबाई प्रत्येक वेळी हातातली भाकरी थांबवून “बरं झालं बया” म्हणायची. तेजश्री फोनवर विचारायची, “आण्णा, किती राहिले?”

शेवटी एकच राहिला. मागच्या उजव्या पाट्याचं टोक चेसीला धरून ठेवणारा बोल्ट. त्याचा नट आला, पण बोल्ट ज्या बुशाच्या नळीत बसतो तिला आतून असा धरून बसला होता की दोन्ही एकच लोखंड झालेलं. डिझेल झालं, मेण झालं, शिव्याही झाल्या. आणि अमावस्या तोंडावर आली.

“गॅसनं काप,” धोंडीराम म्हणाला.

“तिथं चेसीचा पत्रा पापडासारखा झालाय. गॅस लावला तर पाट्याचा कानच गळून पडंल. मग जीपीला रामराम घाला.” सिदूनं हात पुसले. “मी परळीला जाऊन नवे बुश घेऊन येतो. तवर तुमी त्याला हात लावू नका.”

सिदू गेला आणि धोंडीरामनं हात लावला. चाक काढलेलं होतं, जीप लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तो खाली शिरून एका हातानं सुंबा, म्हणजे ठोकायची लोखंडी खुंटी, बोल्टाच्या टोकावर धरायचा आणि दुसऱ्या हातानं हातोडा मारायचा. एका हातानं काय घाव बसणार. सुंबा निसटायचा, हातोडा पत्र्यावर बसायचा. विहीणबाईंचं वाक्य त्याच्या कानात होतं आणि प्रत्येक घावाला तो मनातल्या मनात त्यांना उत्तर देत होता. ओसरीवर जे बोलता आलं नाही ते सगळं त्या बोल्टानं ऐकून घेतलं.

“इवाई, हायेत का?”

जीपच्या पलीकडं दोन पाय उभे होते. स्वच्छ पांढरा पायजमा, नव्या वहाणा. धोंडीराम दचकून उठायला गेला आणि डोकं चेसीवर आपटलं. व्याही उत्तरेश्वर हातात सीताफळांची पिशवी घेऊन उभे होते.

आता व्याही दारात आला म्हणजे पाटावर बसवायचा, टॉवेल-टोपी द्यायची, गोडधोड करायचं. इथं पाट म्हणजे फाटका टायर आणि टॉवेल होता तो ऑइलनं काळा झालेला. धोंडीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं आपला सदरा काढून टायरवर अंथरला.

“घरी चला, इवाई. हितं कुठं उभं राहता.”

“घरूनच आलो. इहीनबाई म्हनल्या, तिकडंच असत्याल.” उत्तरेश्वरांनी वाकून खाली बघितलं. “खरं सांगू का, मला हिनंच पाठवलंय. म्हनली, जाऊन बघून या, खरंच काम करायलेत का वरून रंग मारायलेत.”

धोंडीरामचं डोकं पुन्हा फिरलं. पण तेवढ्यात उत्तरेश्वरांनी पांढरा सदरा काढला, लिंबाच्या फांदीला अडकवला आणि नुसत्या बंडीवर चाकाच्या जागी येऊन बसकण मारली.

“बगा, असं एकट्यानं व्हायचं न्हाई,” ते म्हणाले. “ट्रॉलीच्या पिना अशाच धरून बसतात. एकानं सुंबा धरायचा, एकानं हाणायचं. मी धरतो.”

“न्हाई न्हाई. तुमी हात लावायचा न्हाई. लोक काय म्हनत्याल?”

“कोन हाय हितं? ती कोंबडी?”

“मग तुमी हाणा, मी धरतो.”

“माझा खांदा वर जात न्हाई. मोळ्या उचलून उचलून गेलाय तो कवाच.” त्यांनी सुंबा घेतला, बोल्टाच्या टोकावर टेकवला आणि दोन्ही मुठींनी धरला. “हाणा.”

धोंडीरामनं मोठा हातोडा उचलला. समोर बोल्ट होता, बोल्टावर सुंबा आणि सुंब्यावर व्याह्याचे हात. त्याच्या लेकीच्या सासऱ्याचे हात. त्यानं हातोडा मारला, पण भिंतीत कॅलेंडरचा खिळा ठोकावा तसा. पुन्हा मारला, त्याहून हळू.

“इवाई,” उत्तरेश्वर म्हणाले, “तुमी बोल्टाला हाणायलात का त्याची खुशाली पुसायलात?”

“तुमचा हात हाय तिथं.”

“हात माझा हाय. मी म्हनतो ना, हाणा.”

धोंडीरामनं खरंच प्रयत्न केला. हातोडा वर जाताना चांगला जोरात जायचा, खाली येताना मात्र आपोआप थबकायचा. लग्न ठरल्यापासून तो या माणसासमोर वाकत आला होता. मानपानात वाकला, जेवणात मागं राहिला, फोनवर बोलताना सुद्धा खुर्चीवरून उठून उभा राहायचा. आता त्याच माणसाच्या मुठीवर घण घालायचा म्हणजे दंडाला कोण सांगणार?

उत्तरेश्वरांनी सुंबा खाली ठेवला आणि कपाळ पुसलं.

“तुमी हिच्यावर रागावलात,” ते म्हणाले.

“छे हो.”

“रागवा की. ती बोललीच तशी. पर एक ऐका.” त्यांनी सुंबा पुन्हा उचलून मांडीवर घेतला. “आमी तवा कोयत्यावर होतो, ऊस तोडायला. तुमचा जावई सत्यम जन्माला यायच्या आधीचं सांगतो. हिला असाच सातवा होता. कारखान्याचं गळीत संपलं आन् आमी गावाकडं निघालो, ट्रॉलीत बसून. खाली भांडीकुंडी, वर आमी. रस्ता म्हंजे नुसते खड्डे. ही एका हातानं ट्रॉलीची दांडी धरून बसली आन् एका हातानं पोट. मी म्हनलो थांबवायला सांगू का, तर म्हनली नगं, लोक खोळंबत्याल.”

धोंडीरामनं हातोडा खाली टेकवला.

“पोरगी होती,” उत्तरेश्वर म्हणाले. “डाक्टरीन म्हनली, हादऱ्यानंच झालं असं काई म्हनता येत न्हाई. पर हिनं ते मनात धरलं ते धरलंच. अजून एस्टीत बसली तरी दांडी सोडत न्हाई. तलवाडा ते गेवराई एवढंच जायचं, तरी घट्ट धरून बसती. तेजश्रीला हे ठाव न्हाई. कुनालाच न्हाई.”

इतका वेळ प्रत्येक घावाला आपण ज्या बाईला मनातून बोलत होतो, ती बाई त्याच्या डोळ्यासमोर ट्रॉलीत बसलेली दिसू लागली. तेजश्रीपेक्षाही लहान असेल तेव्हा. त्याला फार वाईट वाटलं, आणि आपल्या फिरणाऱ्या डोक्याची लाज वाटली.

“धरा,” तो म्हणाला.

उत्तरेश्वरांनी सुंबा धरला. धोंडीरामनं या वेळी हातोडा थबकू दिला नाही. पहिला घाव नीट बसला आणि चेसीवरून गंजाच्या खपल्या पडल्या. दुसराही बसला. तिसरा निसटला आणि उत्तरेश्वरांच्या अंगठ्यावर बसला.

धोंडीरामनं हातोडा खाली टाकला. व्याह्याचा अंगठा ठेचला. आता तलवाड्याला तोंड कसं दाखवायचं, लेकीनं सासरी काय ऐकून घ्यायचं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. उत्तरेश्वर अंगठा दाबून, डोळे मिटून, ओठ आवळून बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि त्यांचे खांदे हलू लागले. धोंडीरामला वाटलं रडतायत. बघतो तर ते हसत होते.

“लग्नात मला चांदीचं कडं दिलं तुमी,” ते म्हणाले. “हे द्यायचं राहिलं होतं काय?”

“इवाई, माफ करा. आता मी हातोड्याला हात लावनार न्हाई.”

“लावावा लागंल. तो हललाय, मला हाताला कळलं.” त्यांनी रुमाल फाडून अंगठ्याला बांधला आणि सुंबा पुन्हा बोल्टाच्या टोकावर, आधी होता तिथंच टेकवला. हात जरासुद्धा मागं घेतला नाही. “मी धरलंय. हाणा.”

तेव्हा धोंडीरामनं हाणलं. एवढ्या विश्वासानं कुणी हात पुढं धरल्यावर हळू मारणं हाच अपमान झाला असता. घावामागं घाव, आवाज थेट रेल्वे फाटकापर्यंत गेला. बोल्टानं एक कर्कश किंचाळी फोडली, केसभर आत सरकला, मग बोटभर, आणि मग सिदूच्या सगळ्या मेणबत्त्यांना न जुमानलेलं ते लोखंड पलीकडच्या बाजूनं बाहेर येऊन धुळीत पडलं. दोघं व्याही त्याच्याकडं बघत, धापा टाकत, एकमेकांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. सिदू परत आला तेव्हा ते सीताफळं फोडून खात होते आणि बिया कोण लांब थुंकतो ते बघत होते.

घरी सुंदरबाईनं अंगठ्याला हळद लावली आणि नवऱ्याकडं असं बघितलं की त्यानं नजर चुकवली. “इहीनबाईंना काय सांगायचं आता?” ती म्हणाली.

“दारात सापडला म्हनून सांगतो,” उत्तरेश्वर म्हणाले. त्यांनी पुरणपोळीवर आणखी तूप वाढून घेतलं.

अमावस्या दोन दिवसांवर असताना धोंडीराम तलवाड्याला पोचला. नवे पाटे, नवे शॉकप, नवे बुश. सरस्वतीबाई अंगणात उभ्याच होत्या. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली, टायरला पायानं ढोसलं, मग नवऱ्याच्या काळ्यानिळ्या नखाकडं बघितलं आणि मग धोंडीरामच्या सोललेल्या बोटांकडं. काय समजायचं ते समजल्या.

“दारात सापडला म्हने ह्यांचा अंगठा,” त्या म्हणाल्या.

“हां, ते दार जरा वाईट हाय,” धोंडीराम म्हणाला.

“आधी मी बसून बघणार.”

त्यांनी पदर खोचला आणि मागच्या सीटवर चढल्या. धोंडीरामनं त्यांना कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं नेलं, कारण गावात त्याहून वाईट रस्ता नव्हता. आरशात त्याला दिसत होतं, त्यांनी दांडी दोन्ही हातांनी धरली होती, इतकी घट्ट की बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. त्यानं नजर रस्त्यावर वळवली. आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं. प्रत्येक खड्ड्याआधी त्यानं गाडी जवळजवळ थांबवली आणि मग हळूच उतरवली. जीपनंही लाज राखली, नुसती डुलली.

परत आल्यावर सरस्वतीबाई उतरल्या आणि तडक घरात गेल्या. तेजश्री दारात उभी राहून आळीपाळीनं बापाकडं आणि आतल्या अंधाराकडं बघत होती. धोंडीरामचा जीव टांगणीला लागला. थोड्या वेळानं सरस्वतीबाई बाहेर आल्या, त्यांच्या एका हातात तेजश्रीची बॅग होती आणि दुसऱ्या हातात त्यांची स्वतःची पिशवी.

“मी बी येते घाटनांदुरापतुर,” त्या म्हणाल्या. “मला नीट बघून घ्यायचंय.”

सुनेला बाळंतपणाला पोचवायला सासू सोबत जाते, असं कुणी ऐकलं नव्हतं. उत्तरेश्वर पुन्हा त्या शेळीकडं बघू लागले, पण या वेळी हसू लपवायला.

तेजश्री पुढं खिडकीशी बसायला निघाली होती. सासूनं तिला मागं आपल्याजवळ बसवून घेतलं. धोंडीरामला क्षणभर वाईट वाटलं, पण क्षणभरच. सरस्वतीबाईंनी एक हात दांडीला लावला आणि दुसरा सुनेच्या पोटापुढं आडवा धरला, आणि गेवराई, बीड, मांजरसुंबा सगळं तसंच मागं पडलं. तेजश्री एकदा म्हणाली, “आत्या, हात दुखंल तुमचा.” त्या म्हणाल्या, “दुखू दे.”

केज सोडल्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. डांबर उखडलेलं, वर नुसती खडी. धोंडीराम दात आवळून, चाकाखालचा दगड न् दगड वेचल्यासारखी गाडी चालवत होता. खाली पाटे वाकत होते, सरळ होत होते, आणि वरच्यांना त्यातलं काही कळू देत नव्हते. एका मोठ्या खड्ड्याला त्यानं श्वास रोखला, जीप अलगद खाली गेली आणि अलगद वर आली. मागून काही आवाज आला नाही, म्हणून त्यानं आरशात बघितलं.

दांडीवर हात नव्हता. तो सरस्वतीबाईंच्या मांडीवर उताणा पडला होता. त्यांचं डोकं तेजश्रीच्या खांद्यावर कलंडलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, आणि पोटापुढं धरलेला हातही कधीतरी ढिला पडला होता. तेजश्रीनं तो आपल्या हातात धरून ठेवला होता.

“आण्णा,” ती अगदी हळू म्हणाली, “सावकाश चालवा. आत्या झोपल्यात.”

धोंडीरामच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुढचा रस्ता धूसर झाला. मागून एक ट्रॅक्टर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, हॉर्न वाजवत येत होता. त्यानं जीप कडेला घेऊन उभी केली. ट्रॉल्या खडखडत, आदळत, धूळ उडवत शेजारून गेल्या. सरस्वतीबाई जाग्या झाल्या नाहीत.